एनएस २०० ड्रॅगसाठी १२००० आरपीएम करायचंय, व्हॉल्व्ह अन् स्प्रिंग कोणते घ्यावेत?

लातूरकर_एनएस

राम राम मंडळी. गाडी बजाज पल्सर एनएस २००, जुनी कार्बवाली, फक्त ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी) ठेवलीय, टेम्पोत टाकून नेतो अन् आणतो, रोडवर काढत नाही. बोअर ७२ स्ट्रोक ४९ कंपनीचाच हाय. हेडचं पोर्टिंग झालंय, पिस्टन हाय कॉम्प्रेशनचा हाय, कॅम भरून ग्राइंड करून घेतलाय, डायल लावून व्हॉल्व्हवर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) मोजली तर ८.६ मिमी येऊ लागली. सीडीआय (ठिणगीचा बॉक्स) प्रोग्रामेबल हाय, कट-ऑफ म्हणजे ठिणगी तोडायचा आरपीएम १२५०० ला ठेवलाय.

अडचण अशी की गाडी १०८०० पर्यंत मस्त ओढायलीय अन् तिथनं पुढं एकदम फडफड चालू, आवाज फाटल्यासारखा होतो अन् पॉवर बसते. मेन जेट दोनदा बदलून बघितला, काही फरक नाई. पुण्यात डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) लावली तर एअर फ्युएल शेवटपर्यंत १२.८ च्या आसपास सरळ हाय पण पॉवरची लाईन १०८०० नंतर करवतीच्या दातावानी व्हायली. इथले सगळे म्हणायलेत स्प्रिंग फ्लोट व्हायलेत, म्हणजे व्हॉल्व्हला वेळेत परत आणायला कमी पडायलेत. मला १२००० पर्यंत न्यायचीय.

आता माझ्याकडं तीन रस्ते हायत. स्टॉक स्प्रिंगखाली १ मिमी शिम (चकती) टाकायची, किंवा ऑनलाईन एक डबल स्प्रिंगचा सेट भेटायलाय तो घ्यायचा (विकणारा नुसता 'रेसिंग हेवी ड्युटी' म्हणतो, किती किलोची हाय ते सांगत नाई), किंवा टायटॅनियमचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह १ मिमी मोठे टाकावेत का ते पण सांगा. बजेट हाय पण दोनदा हेड खोलायची इच्छा नाई.

बीड_क्वार्टरमाईल

भावा शिम टाक अन् मोकळा हो, आमच्याकडं सगळे हेच करतात. १ मिमीची शिम लेथवाल्याकडनं कापून घे, सीटचं प्रेशर वाढतं अन् फ्लोट पुढं सरकतो. खर्च काहीच नाई. टायटॅनियम बियटॅनियमच्या मागं लागू नको, आपल्या लेव्हलला त्याची गरज नसती.

हेडवर्क_जालना

बीडकर थांबा जरा, शिम टाकायच्या आधी मोजमाप लागतं. लातूरकर, डायनोची लाईन तू सांगितली तशी असंल तर फ्लोटच वाटतंय, मिक्स्चर सरळ असताना एका ठराविक आरपीएमला करवत निघती म्हणजे व्हॉल्व्ह कॅमचं ऐकंना झालाय. पण हेड खोलल्यावर खात्री करून घे. कॉलेट (स्प्रिंगवरची वाटी अडकवणारे छोटे तुकडे) जिथं स्टेमला म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीला धरतात तिथं घासल्याच्या खुणा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर एकमेकांना लागून झालेले चकचकीत ठिपके, पिस्टनच्या कट्ट्यावर चंद्रकोरीसारखी पुसट खूण, हे बघ. टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरची फट) दर वेळी टाईट व्हायलं असंल तर व्हॉल्व्ह सीटवर आपटून सीट खाली बसायलीय.

आता मोजायचं काय ते लिही, मग बोलू. एक, एका इनटेक व्हॉल्व्हचं वजन, स्प्रिंगचं वजन, वरची वाटी अन् कॉलेटचं वजन, हे सोनाराच्या काट्यावर कर. रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा) शाफ्टच्या बाजूनं टेकवून व्हॉल्व्हकडचं टोक काट्यावर ठेव, एक रॉकर दोन व्हॉल्व्ह दाबत असंल तर त्याच्या निम्मं धर. थोडं इकडंतिकडं होतं पण कामापुरतं चालतं. दोन, स्प्रिंग बसवल्यावरची उंची, अन् व्हाईसमध्ये पूर्ण दाबली की वेटोळी चिकटतात ती उंची. तीन, स्प्रिंग किती किलोला किती दबती. टेस्टर नसंल तर मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेव, त्यावर स्प्रिंग उभी कर, वरनं चक खाली आण अन् व्हर्नियरनं उंची बघत किलो वाच. चार, डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) क्रँकला लावून दर १० अंशाला व्हॉल्व्हची लिफ्ट लिही, निदान टोकाजवळची पाच रीडिंग तरी दे.

एवढं केल्याशिवाय कोणती स्प्रिंग घ्यायची हे कोणीबी सांगू शकत नाई, सांगितलं तरी तो अंदाज.

लातूरकर_एनएस

काका सगळं मोजलं. मोंढ्यातला काटा मित्राच्या आडतीवरनं आणला, मस्त काम झालं.

इनटेक व्हॉल्व्ह २० ग्रॅम, वाटी अन् कॉलेट मिळून ७ ग्रॅम, स्प्रिंग २४ ग्रॅम, रॉकरचं तुम्ही सांगितलं तसं निम्मं केलं तर १० ग्रॅम. बसवलेली उंची ३३.० मिमी, तिथं १६ किलो. पूर्ण लिफ्टला म्हणजे २४.४ मिमीला ३४ किलो. चिकटायची उंची २३.२. टोकाजवळची लिफ्ट ८.२५, ८.५१, ८.६०, ८.५१, ८.२५. कॉलेटच्या जागी घासल्याच्या खुणा हायत, पिस्टनवर काही नाई.

हेडवर्क_जालना

शाब्बास, इतकं नीट मोजणारं पोरगं लई दिवसांनी भेटलं. आता बघ.

क्रँकचे १० अंश म्हणजे कॅमचे ५. रीडिंगमधला फरक आधी ०.२६, मग ०.०९, म्हणजे दर पायरीला साधारण ०.१७ ते ०.१८ नं कमी व्हायलाय. त्याला ५ च्या वर्गानं म्हणजे २५ नं भागलं की कॅमच्या टोकावर व्हॉल्व्हला माघारी वळवायचा प्रवेग निघतो, ०.००७ मिमी दर अंश वर्ग. हलणारं वजन धरताना स्प्रिंगचा तिसरा हिस्साच धरायचा, कारण तिचं खालचं टोक जागेवर असतं. २० अधिक ७ अधिक ८ अधिक १०, झाले ४५ ग्रॅम.

१०८०० क्रँकला कॅम ५४०० नं फिरतो, सेकंदाला ३२४०० अंश. गुणाकार केला की व्हॉल्व्हला साधारण ७३५० मीटर दर सेकंद वर्ग इतक्या जोरानं परत वळावं लागतं, गुरुत्वाच्या साडेसातशे पट. ४५ ग्रॅमला तेवढं वळवायला ३३ किलो ७०० ग्रॅम ताकद लागती. अन् तुझी स्प्रिंग तिथं किती देती? ३४. म्हणजे १०८०० लाच जमाखर्च संपला, डायनो खरं बोलायलाय.

आता १२००० ला हेच वजन असंल तर ४१.६ किलो लागतात, कारण लागणारी ताकद आरपीएमच्या वर्गानं वाढती. त्यावर निदान १५ टक्के शिल्लक ठेवावी लागती, मिस शिफ्ट झाली, चेन ढिली झाली, स्प्रिंग तापून थोडी बसली, या सगळ्याला. म्हणजे ४८ किलो. स्टॉक ३४ ची ४८ करायची झाली तर कॅम, रॉकर, चेन सगळं तो भार सोसणार.

आता शिमचं बघ. तुझी स्प्रिंग मिमीला २.१ किलोनं वाढती, म्हणजे १ मिमी शिमनं ३४ चे ३६ होतील. त्यानं फ्लोट जेमतेम ३०० आरपीएम पुढं जाईल, १११०० च्या आसपास, बस. अन् चिकटायची उंची २३.२ हाय, आत्ता पूर्ण लिफ्टला १.२ मिमी मोकळी हाय. शिम टाकली की राहिली ०.२. गरम इंजिनात ११००० ला ०.२ म्हणजे काहीच नाई, स्प्रिंग सळसळली की वेटोळी चिकटणार, मग रॉकर तुटंल नाहीतर कॅमचं टोक उडंल. म्हणून शिम नको. शिम ही सीट कटिंगनंतर व्हॉल्व्ह खाली बसून उंची वाढली की ती परत आणायला असती, प्रेशर वाढवायला नाई.

बीड_क्वार्टरमाईल

काका हे ०.२ चं गणित मी कधी केलंच नव्हतं. नांदेडच्या एका पोराच्या गाडीत असंच शिम टाकून कॉलेट सुटलं अन् व्हॉल्व्ह आत पडला, पिस्टनला भोक, हेडला भोक, आम्ही सगळे व्हॉल्व्ह डुप्लिकेट निघाला म्हणून बसलो. आता वाटायलंय तिथं वेटोळी चिकटली असणार.

वाळूज_स्प्रिंगवाली

नमस्कार, मी वाळूजला स्प्रिंगच्या क्वालिटीमध्ये काम करते, म्हणून स्प्रिंगच्या बाजूनं थोडं लिहिते.

काकांचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे सर्ज. स्प्रिंगला स्वतःचं वजन आणि स्वतःची थरथर असते. कॅमनं वरून ठोका दिला की तो ठोका वेटोळ्यांतून खाली जातो, आपटून वर येतो, आणि त्याचा मेळ कॅमच्या पुढच्या ठोक्यांशी बसला की स्प्रिंग मधूनच लाटेसारखी हलायला लागते. त्या क्षणी टोकाला ३४ किलो असलेली स्प्रिंग खरोखर ३४ देत नाही. म्हणून टेबलवरचा आकडा पुरेसा आहे तरी गाडी फ्लोट का होते असं कधी कधी होतं. यावर उपाय दोन. एक म्हणजे बीहाइव्ह स्प्रिंग, वर निमुळती, तिची वेटोळी सगळी सारखी नसल्यामुळं एकाच लयीत थरथरत नाहीत, शिवाय वरची वाटी छोटी आणि हलकी बसते. दुसरा म्हणजे डबल स्प्रिंग, आतली बाहेरच्या स्प्रिंगमध्ये किंचित घट्ट बसलेली, घासून थरथर मारते. पण डबलला वजन वाढतं आणि घासण्यानं उष्णता होते. २०० सीसीच्या चार व्हॉल्व्हच्या हेडला मी तरी बीहाइव्हच सांगेन, लिफ्ट ८.६ च आहे, एवढ्याला डबलची गरज नाही.

आणि दादा, तो ऑनलाईन सेट घेऊच नका. जो विकणारा बसवलेल्या उंचीला किती किलो, पूर्ण लिफ्टला किती किलो आणि चिकटायची उंची किती, हे तीन आकडे देऊ शकत नाही त्याची स्प्रिंग इंजिनात जाऊ नये. तार कुठली तेही विचारा. व्हॉल्व्ह स्प्रिंगला क्रोम सिलिकॉनची ऑइल टेम्पर्ड तार असते, तयार झाल्यावर शॉट पीनिंग होतं, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून वरच्या थराला दाब देतात, त्यामुळं भेग पडायला लवकर जागा मिळत नाही. याच कारणानं बसवताना पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हर लावून तारेवर ओरखडा पाडू नका. स्प्रिंग तुटते ती पुष्कळदा अशाच एखाद्या ओरखड्यापासून किंवा गंजाच्या ठिपक्यापासून. टोकं घासून उंची कमी करणं तर मुळीच नको.

हेडवर्क_जालना

ताई बरोबर बोलल्या, मी म्हणूनच १५ टक्के शिल्लक ठेवायला सांगतो.

आता लातूरकर, माझं म्हणणं एवढंच की स्प्रिंग कडक करायच्या आधी वजन उतरव. तुझ्याच आकड्यांवर दाखवतो. वाटी टायटॅनियमची घेतली तर ७ चे साडेचार ग्रॅम होतील. नुसत्या त्या अडीच ग्रॅमनं फ्लोट १०८०० वरनं १११०० ला जातो. म्हणजे शिमनं जे मिळणार होतं तेवढंच, अन् कॅमवर एक किलोचाबी भार न वाढवता.

पुढं जा. व्हॉल्व्ह स्टीलचाच पण स्टेम मानेजवळ बारीक केलेला, १८ ग्रॅमचा घे. बीहाइव्ह स्प्रिंग थोडी हलकी, तिचा तिसरा हिस्सा ७ धर. १८, ४.५, ७, १०, झाले साडेएकोणचाळीस ग्रॅम. आता १२००० ला लागतात साडेछत्तीस, १५ टक्के शिल्लक धरून ४२. म्हणजे ४८ चं काम ४२ वर आलं. तुला जी स्प्रिंग शोधायचीय ती ३३ मिमीला २० किलो, २४.४ ला ४२ किलो, अन् चिकटायची उंची २३.४ च्या खाली असावी, म्हणजे निदान १ मिमी मोकळी राहती. वाटीचं खालचं तोंड अन् स्टेम सीलमध्येबी पूर्ण लिफ्टला १ मिमी पाहिजे, हे लई जण बघतच नाईत.

अन् सीटवरचे २० किलो कशाला, तर व्हॉल्व्ह बंद होताना आपटून परत उडू नये म्हणून. नुसतं टोकाचं प्रेशर बघून चालत नाई.

परभणी_टॅपेट

व्हॉल्व्हवर मी लिहितो, दुकानात हेच बघतो दिवसभर.

इनटेकला ईएन ५२ चं स्टील चांगलं चालतं, त्याला थंड हवा लागती. एक्झॉस्टला २१-४एन पाहिजे, तो तापला तरी ताकद धरतो. चांगला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन तुकड्यांचा असतो, डोकं २१-४एनचं अन् स्टेम कडक होणाऱ्या स्टीलचा, घर्षणानं वेल्ड केलेला. दुकानात चुंबक घेऊन जा. इनटेक पूर्ण चिकटला पाहिजे, एक्झॉस्टचं डोकं चिकटू नये अन् स्टेम चिकटावा. डोकं कडक चिकटलं तर ते २१-४एन नाई, ठेवून दे. इन्कोनेल वगैरे टर्बो नाहीतर नायट्रस असंल तर बघावं, पेट्रोलवर नॅचरल इंजिनाला खर्च वाया.

टायटॅनियमबद्दल. वजन स्टीलच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे तुझा २० चा व्हॉल्व्ह १२ चा होईल अन् काकांच्या गणितानं स्टॉक स्प्रिंगवरच १२००० च्या जवळ जाशील, ते खरं. पण टायटॅनियम कडक लोखंडी सीटवर टिकत नाई, सीट तांब्याच्या मिश्रधातूच्या बसवाव्या लागतात, स्टेमवर कोटिंग लागतं, टोकाला कडक टोपी लागती. अन् ग्राइंडिंग पेस्ट लावून घासायचा नसतो, घासला की कोटिंग गेलं. आपल्याकडं कोणी हेड उघडलं की पयला हात पेस्टच्या डबीकडं जातो. तिकडं अमेरिकेत प्रो स्टॉक ड्रॅग शर्यतीत ८.२ लिटरचं व्ही एट टायटॅनियम व्हॉल्व्हवर फिरतं, २०१६ पासून १०५०० ची मर्यादा हाय त्यांना, पण ते लोक स्प्रिंगा सतत तपासून बदलतात. तुझ्यासाठी स्टील पुरे.

मोठा व्हॉल्व्ह? माझं मत नको. १ मिमीनं डोकं मोठं केलं की वजन वाढलं, बोअरच्या भिंतीजवळ गेला, अन् ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही थोडे उघडे असतात तेव्हा) इनटेक एक्झॉस्ट एकमेकांजवळ येतात. पोर्ट तेवढी हवा मागत असंल तरच.

लातूरकर_एनएस

काका, ताई, परभणीकर, तुमचे लई उपकार. असं ठरवलं, स्टीलचे बारीक स्टेमचे व्हॉल्व्ह, टायटॅनियमची वाटी, बीहाइव्ह २०/४२ ची. व्हॉल्व्ह स्टॉक साईजचेच.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, पिस्टन अन् व्हॉल्व्हमधला गॅप कुठं मोजायचा, टॉपला (पिस्टन सगळ्यात वर असताना) का? दुसरं, खालच्या बाजूला १२००० सहन होईल का?

हेडवर्क_जालना

टॉपला नाई. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतात ते टॉपच्या आजूबाजूला, एक्झॉस्ट टॉपच्या साधारण १० अंश आधी, इनटेक १० अंश नंतर. पिस्टनवर लहान मुलांच्या खेळायची क्ले लाव, तेल लावून, हेड गॅस्केटसकट आवळ, दोन वेळा हातानं फिरव, काढून ब्लेडनं कापून जाडी मोज. इनटेकला १ मिमीच्या खाली जाऊ नको, एक्झॉस्टला दीड, तो तापून लांब होतो. हे मोजताना हलकी साधी स्प्रिंग टाकून मोज, खरी स्प्रिंग रॉकर वाकवून आकडा चुकवती. फ्लोट झाला की हाच गॅप संपतो, लक्षात ठेव.

खालचं म्हणशील तर ४९ चा स्ट्रोक हाय, १२००० ला पिस्टनची सरासरी चाल १९.६ मीटर दर सेकंद येती. चांगल्या रॉडला अन् पिस्टनला झेपंल. पण क्रँक पिन नुसती प्रेसनं बसवलेली असती, ती जाणकाराकडनं वेल्ड करून परत ट्रू करून घे. बिग एंड बेअरिंग नवीन टाक. टायमिंग चेन अन् टेन्शनरसुद्धा.

अन् १२५०० चा कट-ऑफ आत्ताच खाली आण. स्प्रिंग १२००० साठी घेतोय, मग कट-ऑफ ११८०० ला ठेव. खरं तर डायनोवर बघ तुझी पॉवर कुठं संपती. ती ११२०० ला संपत असंल तर ११५०० ला शिफ्ट कर. १२००० वरनं ११५०० ला आलास की स्प्रिंगवरचा भार ८ टक्क्यांनी उतरतो, फुकट.

वाळूज_स्प्रिंगवाली

नवीन स्प्रिंग लगेच पूर्ण आरपीएमला नेऊ नका. बसवल्यावर आधी ३००० च्या आत चांगलं तापू द्या, मग पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा टॅपेट बघा. पहिल्या तापण्यात स्प्रिंग थोडी बसते, ते ठीक आहे, त्यानंतरचा आकडा खरा. कॅम नवीन ग्राइंड केलेला असेल तर थंड इंजिन कमी आयडलवर घुरघुरत ठेवू नका, कमी आरपीएमला स्प्रिंगचा पूर्ण भार कॅमच्या टोकावर असतो आणि तेल कमी पोचतं. २००० च्या वर ठेवा.

प्रत्येक स्प्रिंगचा पहिला आकडा वहीत लिहा, चारही वेगवेगळ्या, उंचीसकट. प्रत्येक इव्हेंटनंतर काढून त्याच काट्यावर परत मोजा. ४२ ची ३९ झाली की तिला काढायची, दिसायला कितीही चांगली असली तरी. एक गेली तर चारही बदला.

बीड_क्वार्टरमाईल

टेस्टिंगला समृद्धीवर नाहीतर रात्री बायपासवर घेऊन जाऊ नको भावा, आमच्या इकडं पोरं असं करूनच जखमी झालीत. डायनोवर ट्यून कर अन् धावपट्टीवरच्या इव्हेंटला ये, तिथं टायमिंग लाईट असतात, ६० फुटाचा वेळ वेगळा मिळतो, रोडवर तसंबी काही कळत नाई. मीपण आता माझ्या पल्सर २२० चं हेड काढायलोय, त्यात शिम हायत. स्ट्रोक ६२.४ हाय तर मला काका किती आरपीएमपर्यंत सांगाल?

हेडवर्क_जालना

२२० ला ११००० ला पिस्टनची चाल २३ मीटरच्या जवळ जाती, स्टॉक रॉडवर ते नको. १०००० पर्यंत ठेव, तिथं २०.८ येती. त्यात दोनच व्हॉल्व्ह हायत, एकेक मोठा अन् जड, म्हणून फ्लोट लवकर येतो. शिम काढ, सगळं वजन कर, टोकाची पाच रीडिंग घे अन् इथंच टाक, स्प्रिंगची बसवलेली उंची लिहायला विसरू नको.